हा आकार कोणत्या आदेशाने?



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. ती रचणाऱ्याला वकिलाच्या फीचा आणि तारखांचा चांगलाच अनुभव आला असला पाहिजे. आपण मात्र तिचा सोयीस्कर विस्तार केला असून, शहाण्याने वीजकंपनीच्या कचेरीचीही पायरी चढू नये, असे मानू लागलो आहोत. बिलात चारशे रुपये जास्त लागून आले की दोन दिवस घरात चडफडावयाचे, ते शेजाऱ्याला दाखवावयाचे, त्याचेही तसेच आले आहे हे पाहून समाधान मानावयाचे आणि शेवटच्या तारखेला पैसे भरून मोकळे व्हावयाचे, असा आपला शिरस्ता आहे. हा शिरस्ता मोडावा कसा आणि तो मोडण्याचे साधन कायद्याने आपल्या हाती कोणते दिले आहे, एवढाच आजचा विषय आहे.

वाण्याने साखरेचा भाव चढविला तर आपण पलीकडच्या दुकानात जातो. विजेच्या बाबतीत बहुतेक गावी पलीकडचे दुकानच नसते. जेथे गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाता येत नाही, तेथे विक्रेत्याने मनाला येईल तो भाव लावावयाचा नाही, हे तत्त्व मग कायद्यालाच सांगावे लागते. 1998 साली केंद्राने वीज नियामक आयोगांचा कायदा केला आणि त्यानुसार 5 ऑगस्ट 1999 रोजी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. पुढे विद्युत अधिनियम, 2003 आला. या अधिनियमाचा गाभा एका वाक्यात सांगावयाचा तर असा, की कंपनीने ग्राहकाकडून घ्यावयाची प्रत्येक रक्कम आयोगाने ठरविलेल्या दराला अथवा आयोगाच्या विनियमाला धरून असली पाहिजे. कलम 62 च्या सहाव्या पोटकलमात तर स्पष्ट म्हटले आहे, की ठरलेल्या दराहून अधिक वसूल केलेली रक्कम ग्राहकाला बँक दराइतक्या व्याजासह परत मिळविता येते.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. आपण कंपनीच्या खिडकीपाशी दयेची याचना करावयास जात नाही. ‘हा आकार कोणत्या आदेशाने?’ एवढाच आपला प्रश्न असतो, आणि आदेश दाखविण्याची जबाबदारी आकार लावणाऱ्यावर असते.

हा प्रश्न विचारण्यासाठी बिल वाचता आले पाहिजे. आपण बिलावर दोनच गोष्टी पाहतो, तळाची रक्कम आणि भरण्याची तारीख. जरा वर पाहिले तर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळी दिसतील. स्थिर आकार हा वीज वापरा वा न वापरा, जोडणीबद्दल असतो. वीज आकार युनिटावर असतो. वहन आकार ही वीज तारांवरून आपल्या दारी आणून सोडण्याची हमाली होय. इंधनाच्या व वीजखरेदीच्या खर्चातील चढउतार इंधन समायोजनात येतो. वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर असून घरगुती ग्राहकाला तो 16 टक्के आहे. या ओळी कितीही टोचल्या, तरी त्यांना आधार असतो. याखेरीज जी ओळ दिसेल, किंवा बिलाबाहेर जो आकार मागितला जाईल, तेथे बोट ठेवून थांबावे. मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि प्रत्यक्ष मीटर या तिहींचा मेळ दर महिन्याला घालावा. लावलेला दर घरगुती आहे की व्यापारी, हेही पाहावे. निम्मी भांडणे येथेच उगवतात आणि येथेच मिटतात.

आता बिलाबाहेरच्या आकाराचे उदाहरण घेऊ. आपल्याच राज्यातील हे प्रकरण मोठे बोधप्रद आहे. नवी जोडणी घेणाऱ्याकडून पूर्वी ‘सेवा वाहिनी आकार’ या नावाने रक्कम घेतली जाई. आयोगाने मंजूर केलेले दरपत्रक येईपर्यंत ही प्रथा चालू होती. पिठाची गिरणी काढणारा असो वा लहानसा कारखाना घालणारा, वीज हवी तर त्याने हे पैसे भरावयाचे, कित्येकदा मीटरची किंमतही द्यावयाची, आणि पैसे गेले तरी यंत्रणा मात्र कंपनीचीच राहावयाची. विहीर खणण्याचा खर्च गावाने करावा, विहीर सावकाराची व्हावी आणि पाण्याचे पैसे पुन्हा घागरीमागे द्यावेत, असा हा न्याय होता.

आयोगाने 8 सप्टेंबर 2006 रोजी महावितरणच्या आकारांविषयी आदेश दिला आणि सेवा वाहिनी आकार नामंजूर केला. वीजवितरणाचे जाळे उभारणे हे कंपनीचे कर्तव्य आहे आणि त्याचा खर्च दरांतून सर्वांकडून वसूल होतच असतो. तोच खर्च नव्या ग्राहकाकडून वेगळा घेणे म्हणजे एकाच गोष्टीचे पैसे दोनदा घेणे होय. खांबापासून घरापर्यंतच्या जोडणीसाठी ठराविक आकार मात्र आयोगाने मंजूर केला. एखाद्याने केवळ स्वतःसाठी स्वतंत्र वाहिनी मागितली तर तिचा खर्च त्याने सोसावा, हा अपवादही ठेवला. अशा रीतीने न्याय्य आकार कोणता आणि अन्याय्य कोणता, याची सीमा आखली गेली.

कंपनी अपिलात गेली. 2007 साली अपिलीय न्यायाधिकरणाने अपील फेटाळले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथे परताव्याला स्थगिती मिळाली. अखेर 10 नोव्हेंबर 2016 रोजी कंपनीचे अपील फेटाळले गेले, आणि त्यानंतर पैसे परत करण्याच्या सूचना निघाल्या. आदेशापासून अखेरच्या निकालापर्यंत दहा वर्षे लोटली! इतक्या काळात गिरण्या विकल्या गेल्या, भागीदाऱ्या मोडल्या, कागदांना वाळवी लागली. ज्याच्यापाशी मागणीपत्र आणि पावती होती, त्याला हक्क सांगता आला. ज्याच्यापाशी नव्हती, त्याच्या बाजूने न्याय असूनही हात रिकामे. ‘पावती जपून ठेवा’ हे आपल्या आजोबांचे सांगणे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाइतकेच मोलाचे आहे.

मग प्रत्यक्षात करावे काय?

पहिली गोष्ट, तक्रार लेखी करावी. खिडकीवरच्या कारकुनाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. आकार त्याने लावलेला नसतो आणि काढण्याचा अधिकारही त्याला नसतो. ग्राहक क्रमांक, बिलाचा महिना, वादातील रक्कम आणि आपला तो एक प्रश्न एवढे अर्ध्या पानात मावते. पोच घ्यावी. तक्रार संगणकावरून केली तर तिचा क्रमांक टिपून ठेवावा.

दुसरी गोष्ट, रागाच्या भरात बिल भरणे बंद करू नये. वीज तुटली की माणूस खचतो आणि खचलेला माणूस तडजोड करतो. कायद्याने येथे उत्तम सोय ठेवली आहे. कलम 56 प्रमाणे वीज तोडण्यापूर्वी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. शिवाय ग्राहकाने मागितलेली रक्कम, अथवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, या दोहोंपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. समजा, एरवी हजार रुपये येणारे बिल एकाएकी नऊ हजारांचे आले. हजार रुपये निषेधासह भरावेत आणि उरलेल्या आठ हजारांचा वाद घालावा. घरात दिवा जळत असताना भांडण शांतपणे करता येते.

तिसरी गोष्ट, कचेरीकडून दाद लागली नाही तर कंपनीच्या पातळीवर स्थापन झालेल्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे. हा मंच कलम 42 खालचा असून आपल्या राज्यात त्यावर ग्राहक संघटनेचाही प्रतिनिधी असतो. येथे वकील लावावा लागत नाही. मंचाचा निर्णय मान्य नसेल तर विद्युत लोकपालाकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई व नागपूर येथे आहेत. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे पोहोचले पाहिजे. झोपलेल्याला कायदा उठवावयास येत नाही.

दोन वर्षांची ही मर्यादा कंपनीलाही आहे. एखादी रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षे बिलात सतत थकबाकी म्हणून दाखविली नसेल, तर कलम 56 प्रमाणे ती वसूल करता येत नाही. पूर्वीच्या चुकीमुळे राहून गेलेली रक्कम कंपनीने मागाहून मागितली तर काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. मुदतीनंतर अशी मागणी करता येईल, पण तिच्यासाठी वीज तोडण्याचा बडगा उगारता येणार नाही, असे न्यायालयाने 2020 साली सांगितले.

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. वीजचोरीची आणि अनधिकृत वापराची प्रकरणे मंचापुढे चालत नाहीत. दरच जास्त आहे, अशी तक्रार असेल तर तिचे स्थळ मंच नव्हे. दर ठरविण्यापूर्वी आयोग हरकती मागवितो व जाहीर सुनावणी घेतो, तेथे जावे. आणि ज्या आकाराला आदेशाचा आधार आहे, तो निमूटपणे भरावा. अन्यायाविरुद्ध उभे राहणाऱ्याचा स्वतःचा हिशेब आधी चोख हवा.

कोणी म्हणेल, चारशे रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला? त्यांना माझे उत्तर असे, की चारशे रुपये आपले एकट्याचे नसतात. तीच ओळ हजारो बिलांवर छापलेली असते आणि त्यांतील कित्येक बिले अशा घरी गेलेली असतात, जेथे चारशे रुपये म्हणजे मुलांचे दूध असते. पुण्यात 1870 साली सार्वजनिक सभा स्थापन झाली, ती लोकांची गाऱ्हाणी अर्जाच्या रूपाने सरकारपुढे मांडण्यासाठी. 1974 साली पुण्यातच बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेही याच वाटेने पुढे गेले. मुद्देसूद लिहिलेला, पोच घेतलेला आणि पाठपुरावा केलेला अर्ज ही आपल्या सार्वजनिक जीवनाची जुनी आणि खरी मिळकत आहे.

तेव्हा घरी गेल्यावर या महिन्याचे बिल काढा आणि तळाच्या रकमेवर न थांबता वरच्या ओळी वाचा. एखाद्या ओळीचा आधार सापडला नाही, तर अर्धे पान कागद घ्या आणि तो एक प्रश्न लिहा.