ठिणगीचा मुहूर्त

जुन्या मोटारी जतन करणे हा श्रीमंतांचा चोचला, असे म्हणून या विषयाकडे पाठ फिरविणे सोपे आहे. परंतु १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे तयार झालेली ‘एमजीबी’ ही स्पोर्ट्स मोटार आपल्याकडील मेस्त्रींना अगदीच परकी नाही. तिच्या १,७९८ घन सेंटिमीटरच्या इंजिनाच्या कुळातीलच १,४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आपल्या अँबॅसिडरमध्ये वर्षानुवर्षे होते. ते सांभाळणाऱ्या हातांना ‘टायमिंग’ म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

इतरांसाठी थोडा खुलासा. पेट्रोलचे मिश्रण एका क्षणात जळत नाही. ज्योत पसरण्यास वेळ लागतो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पडावी लागते. मिनिटाला ६०० फेऱ्या घेणारा क्रँकशाफ्ट सेकंदाच्या सहस्रांशात ३.६ अंश फिरतो. ३,००० फेऱ्यांना तोच १८ अंश. साहजिकच वेगाबरोबर ठिणगीही अधिकाधिक आधी पडावी लागते, आणि ते काम डिस्ट्रिब्युटरमधील वजने व चिमुकल्या स्प्रिंगा करतात. सुरुवातीच्या एमजीबीसाठी, इंजिन बंद असताना लावावयाचा १० अंश हा आकडा कारखान्याने दिला होता. अनेकांना तो वेदवाक्य वाटतो. आमची तक्रार नेमकी येथे आहे.

तो आकडा नव्या स्प्रिंगांचा आणि ९८ ऑक्टेनच्या शिसेयुक्त पेट्रोलचा. ब्रिटनमध्ये अशा पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १९९९ अखेर थांबली. आज तेथील नेहमीचे पेट्रोल ९५ ऑक्टेनचे आहे. त्यातच पन्नास वर्षांनी स्प्रिंगांचा ताण गेलेला असला, तर सुस्त गतीला निर्दोष भासणारे इंजिन वेग घेताच ठिणगी फार लवकर पाडते. मग ठोके सुरू होतात आणि प्रसंगी पिस्टनच्या माथ्याला भोक पडते. काही जुने जाणकार कानावर भिस्त ठेवतात: ठोका ऐकू येईपर्यंत डिस्ट्रिब्युटर फिरवावा, मग किंचित मागे आणावा. त्यांच्या कानाविषयी आम्हांस आदर आहे. पण उघड्या टपाच्या मोटारीत, चार हजार फेऱ्यांच्या गोंगाटात तो ठोका कोणास ऐकू यावा?

तेव्हा प्रथम पॉइंटमधील फट ०.०१५ इंच करावी. फट बदलली की टायमिंगही सरकते, आणि हा क्रम उलटा करणाऱ्यास तेच काम दोनदा करावे लागते. नंतर व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे, पहिल्या सिलिंडरच्या तारेस टायमिंग लाईट जोडावा आणि पुलीवरील खूण वाढत्या वेगात पाहावी. वेग वाढवूनही ती पुढे सरकेनाशी होते, तो कमाल अंश. या इंजिनाचे जाणकार बत्तिसाच्या आसपास थांबतात. आकडा त्यापलीकडे जात असेल, तर सुस्त गतीच्या दहा अंशांचा हट्ट सोडून डिस्ट्रिब्युटर मागे घ्यावा. बोल्ट आवळल्यावर खूण पुन्हा एकदा पाहावी. आवळताना तो हमखास हलतो.