तंबोऱ्याचा आवाज भोपळ्यात नसतो

हैदराबादच्या मराठी घरांत तंबोरा घ्यायचं ठरलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: मिरजेचाच घ्या, आणि भोपळा नीट पारखून घ्या, कारण आवाज काय तो भोपळ्यात असतो. यातला पहिला भाग उत्तम आहे. दुसरा चूक आहे. पण तो इतक्या जाणत्या तोंडून आणि इतक्या ठामपणे ऐकू येतो की त्यापायी सुदृढ वाद्यं ‘बसली’ म्हणून माळ्यावर जातात आणि नवी वाद्यं चुकीच्या कारणासाठी पसंत किंवा नापसंत होतात.

या समजुतीची रूपं अनेक. कुणी बोटाच्या पेरानं भोपळ्यावर टकटक करून ‘घुमारा’ तपासतो. कुणी सांगतो, अमक्या कारखान्याचं लाकूडच गोड. दोन कारागिरांचे तंबोरे शेजारी ठेवून, दोन्हींच्या तारा एकेकदा छेडून निकालही दिला जातो. त्या वेळी एक काळी चारला लावलेला असतो आणि दुसरा काळी एकला. एकाची जवारी, म्हणजे घोडीच्या पाठीचा उतार, नुकतीच काढलेली असते, दुसऱ्याच्या घोडीवर तारांनी चरे पाडलेले असतात. एकाच्या तारा नव्या, दुसऱ्याच्या गंजलेल्या. एवढा फरक डोळ्यांसमोर असताना निकाल मात्र लाकडाच्या आणि कारागिराच्या नावावर जातो. ही कारागिरांची तुलना नव्हे. यात हकनाक बदनाम होतो तो दुसऱ्या तंबोऱ्याचा कर्ता.

या समजुतीचं खंडन करायला हैदराबादबाहेर जावंही लागत नाही. हिंदुस्थानी आणि कर्नाटक अशा दोन्ही संगीतांचे तंबोरे या शहरात नांदतात. मिरजेच्या तंबोऱ्याचं पोट भोपळ्याचं, तर तेलुगू घरातल्या तंजावरी तंबोऱ्याचं पोट फणसाच्या लाकडातून कोरलेलं. त्यात भोपळा औषधालाही नाही. आवाज भोपळ्यातच असता तर तंजावरी तंबोरा मुका राहिला असता. प्रत्यक्षात त्याच्याही तारांतून तोच झणकार उठतो, तशीच लांब आस मिळते आणि खर्जाच्या पोटातून स्वयंभू गंधारही ऐकू येतो. दोन्ही वाद्यांच्या पोताची जात वेगळी आहे हे खरं. पण ज्याला आपण ‘तंबोरा बोलतो’ म्हणतो ते बोलणं दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे ते एकाच जागी जन्मतं. ती जागा म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी.

भोपळ्याचं कामही समजून घेतलं पाहिजे. मिरजेला हा भोपळा मुख्यत्वे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. भाजीच्या दुधी भोपळ्याचाच तो कडू भाऊबंद, पण मोठा आणि जाड, टणक सालीचा. तो भीमेकाठी पिकतो, वाळून पश्चिमेला मिरजेला जातो आणि तंबोरा होऊन सोलापूरवरून पूर्वेला हैदराबादेत येतो. वाळल्यावर तो हलका आणि कडक होतो, म्हणून आत हवेची एक मोठी पोकळी मिळते आणि वाद्य उचलण्याजोगं राहतं. तारेचं कंपन घोडीवाटे तबलीत, म्हणजे पोटावरच्या लाकडी झाकणात, उतरतं आणि तबली हवा हलवते. भोपळ्याची पोकळी त्या आवाजाला थोडा आधार आणि थोडा रंग देते. जाड भोपळ्याऐवजी तितकाच जाड दुसरा घेतला तर जो फरक पडेल, तो जवारी पाव मिलिमीटरनं बिघडल्यावर पडणाऱ्या फरकापुढे किरकोळ असतो.

आता जवारी. तंबोऱ्याची घोडी व्हायोलिन किंवा गिटारच्या घोडीसारखी धारदार नसते. ती रुंद असते आणि तिच्या पाठीला अगदी सौम्य उतार दिलेला असतो. तार कंप पावताना या उतारावर क्षणाक्षणाला टेकते आणि सुटते, त्यामुळे तिची मोकळी लांबी सतत किंचित बदलत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवला की हे टेकणं नेमकं त्या जागी होतं आणि वरचे स्वरांश एकामागून एक उमलू लागतात. खर्जाची तार सेकंदाला १०० कंपनं देत असेल तर तिच्यातूनच २००, ३००, ४०० आणि ५०० कंपनंही निघतात. ५०० चा स्वर म्हणजे ४०० च्या षड्जाचा गंधार. कुणीही न छेडलेला गंधार तंबोऱ्यातून ऐकू येतो तो असा.

हे कुणाचं तरी मत नाही. सी. व्ही. रामन यांनी कोलकात्याच्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’मध्ये वीणा आणि तंबोऱ्याच्या घोडीवर काम केलं आणि १९२१ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. नोबेल मिळण्याच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट. पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा जुना नियम असा की, तार ज्या बिंदूवर छेडाल त्या बिंदूवर स्थिर राहणारे स्वरांश तिच्यातून निघत नाहीत. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा असे सम क्रमांकाचे स्वरांश गायब व्हायला हवेत. तंबोऱ्यात ते गायब होत नाहीत, ठसठशीत ऐकू येतात, हे रामन यांनी दाखवून दिलं आणि त्याचं कारण घोडीच्या घडणीत शोधलं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी घरच्या तंबोऱ्यावर करून पाहावं. जोडाची एक तार बरोबर मध्यावर छेडा, आधी दोरा काढून आणि मग दोरा जागेवर सरकवून. लाकूड तेच, भोपळा तोच, कारागीर तोच. आवाज मात्र दोन वेगळ्या वाद्यांचा.

जवारी काढणारा हात जवळून पाहिला की उरलीसुरली शंका फिटते. कारागीर तारा सैल करून बाजूला सारतो. हाडाच्या किंवा शिंगाच्या घोडीवर तारांनी पाडलेले चरे कानशीनं घासतो, मग पातं, मग बारीक कागद. दोन-चार हात मारले की फुंकर घालून पूड उडवतो, एक तार चढवून छेडतो, ऐकतो आणि पुन्हा तार उतरवतो. उतार जास्त झाला तर आवाज पातळ आणि कर्कश होतो, कमी झाला तर तार घोडीला चिकटून मिटते. शेवटी दोरा केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी तार नुसती करकरते आणि त्याच्या शेजारच्या जागी एकाएकी खुलते. हे चारही तारांसाठी वेगवेगळं करावं लागतं आणि चौघींची खुलण्याची पद्धत एकसारखी यावी लागते.

मिरजेत हा धंदा एकोणिसाव्या शतकात ज्यांनी उभा केला त्या फरीदसाहेबांचं घराणं शिकलगारांचं, म्हणजे तलवारी आणि हत्यारांना धार लावणाऱ्यांचं होतं. संस्थानी काळात हत्यारांचं काम आटलं तेव्हा ते हात वाद्यांकडे वळले. केसभर घासायचं आणि तिथेच थांबायचं, ही सवय त्या हातांना आधीपासून होती. मिरजेची कीर्ती ज्यांना भोपळ्याच्या खात्यात टाकायची आहे, त्यांनी या कानशीकडे जरा आदरानं पाहावं.

याचा अर्थ कारागिराकारागिरांत फरक नसतो असा नव्हे. फरक असतो, आणि मोठा असतो. तबलीची जाडी कुठे किती ठेवायची, तिला फुगवटा किती द्यायचा, दांडी किती ताठ, गळ्याचा सांधा किती घट्ट, घोडी नेमकी कुठे बसवायची, हे सगळं कर्त्याच्या हातचं. कोलकात्यात हिरेन रॉय यांच्या सतारी विलायत खाँसाहेबांच्या आवडीच्या, नोदू मल्लिक यांच्या रविशंकरांच्या. एका बाजूला मिटलेली, गोल जवारी, दुसऱ्या बाजूला खुली आणि चमकदार. या दोन आवाजांमागे तारांची मांडणी, जवारी आणि वादकाचा हात यांचा वाटा फार मोठा आहे. तरी चर्चा होते ती लाकूड कुठल्या जंगलातलं याची.

लाकडाची ही भुरळ सातासमुद्रापार आणखी गडद आहे. आजच्या क्लासिकल गिटारचा घाट ज्यांनी पक्का केला त्या स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ साली एक गिटार बनवली: वरची तबली लाकडाची, पाठ आणि कुशी मात्र कागदाच्या लगद्याच्या. आवाज घडतो तो तबलीत, हे दाखवण्यासाठी. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तरीही पाठीसाठी ब्राझीलच्या रोझवुडचा हट्ट चालूच राहिला, आणि १९९२ साली त्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. त्याच्या जागी त्याआधीच दक्षिण भारताची शिसवी येऊ लागली होती, आणि तिच्याबरोबर ‘ही त्या दर्जाची नाही’ अशी कुजबूजही. २०१८ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी पोलादी तारांच्या सहा गिटारी करवून घेतल्या, फक्त पाठ आणि कुशीचं लाकूड वेगवेगळं. त्यात ब्राझीलचं रोझवुड होतं, आपली शिसवी होती, स्वस्तातलं सापेलेही होतं. ५२ वादकांनी अंधूक उजेडात, डोळ्यांवर वेल्डरचे चष्मे लावून त्या वाजवल्या. गुण जवळजवळ सारखेच पडले, आणि नुसत्या आवाजावरून गिटारी वेगळ्या ओळखणं त्यांना जड गेलं.

व्हायोलिनचं तेच. २०१० साली इंडियानापोलिसमध्ये क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी २१ वादकांना तीन नवी आणि तीन जुनी इटालियन व्हायोलिनं डोळे झाकून वाजवायला दिली. जुन्या लाकडाचा वास ओळखता येऊ नये म्हणून हनुवटीच्या टेकूवर अत्तराचा थेंबही लावला होता. सर्वाधिक पसंती मिळाली ती एका नव्या व्हायोलिनला आणि सर्वांत कमी एका स्ट्राडिव्हेरियसला. या प्रयोगावर आक्षेप आले, तेव्हा २०१२ मध्ये पॅरिसजवळ दहा नामवंत एकल वादकांना घेऊन तो अधिक काटेकोरपणे पुन्हा केला गेला. त्यांतल्या सहांनी आपल्या वाद्याऐवजी नवं वाद्य निवडलं.

दोन कारागिरांचे तंबोरे खरोखर जोखायचे असतील तर रीत अवघड नाही. दोन्ही एकाच पट्टीचे असावेत आणि त्याच पट्टीत लावलेले असावेत. तारा एकाच नंबरच्या आणि एकाच दिवशी चढवलेल्या. जवारी दोन्हींची ताजी. वाजवणारा हात एकच, आणि ऐकणाऱ्यानं पाठ करून थोडं लांब बसावं, कारण नाव आणि नक्षी दिसली की कान त्यांच्या मागे जातो. क्रम बदलून पुन्हा ऐकावं. जरासा मोठा वाजणारा तंबोरा पहिल्या ऐकण्यात उगाच गोड वाटतो, म्हणून छेडण्याचा जोर सारखा हवा.

हैदराबादच्या हवेचाही यात वाटा आहे. पठारावरचं हे शहर मे महिन्यात चाळिशी गाठतं आणि हवा कोरडी पडते. लाकूड आक्रसतं, खुंट्या घसरतात, त्यांना खडू लावावा लागतो. जूननंतर तेच लाकूड ओल पिऊन फुगतं आणि खुंट्या अडकून बसतात. रवींद्र भारतीसारख्या थंड सभागृहात धातूच्या तारा आखडून स्वर चढतो, आणि मंचावरच्या दिव्यांखाली त्या तापल्या की उतरतो. उन्हाळ्यात जुळलेला तंबोरा पावसाळ्यात ‘बसला’ असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला नवी जवारी हवी असते. भोपळ्याचा त्यात काही दोष नसतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. जुना तंबोरा गोडच असतो असं नाही. वाईट जुने तंबोरे टिकवून कुणी ठेवत नाही, म्हणून उरलेले चांगले दिसतात. नक्षी आणि पट्ट्या आवाजात भर घालत नाहीत. बायकांचा तंबोरा लहान असतो तो नाजूकपणासाठी नव्हे. वरच्या पट्टीला तार आखूड लागते. जाड दोरा घातला म्हणून झणकार वाढत नाही. दोऱ्याची जागा महत्त्वाची. इलेक्ट्रॉनिक तंबोरा रियाजाला सोयीचा आहे, पण चार तारा एकाच घोडीवर आणि एकाच तबलीवर एकमेकींना हलवतात ते त्यात घडत नाही. व्हिडिओ कॉलवर ऐकून तर तंबोरा मुळीच निवडू नये. अखंड चालणाऱ्या आवाजाला पार्श्वभूमीचा गोंगाट समजून दाबायचं काम त्या यंत्रणा करतात आणि तंबोरा म्हणजे नेमका तसाच आवाज.

शेवटचा गैरसमज ताजा आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते योग्यच झालं. पण त्या शिक्क्यानं वाद्य कुठलं आणि कोणत्या परंपरेतलं हे कळतं. हातात असलेला विशिष्ट तंबोरा गोड बोलतो की नाही, हे त्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून खरेदी करताना कारागिराला विचारायचं ते असं: जवारी कोणत्या पट्टीला काढली आहे, तारांचे नंबर कोणते, घोडी कशाची आणि ती पुन्हा घासायला कधी लागेल. उत्तरं कागदावर लिहून गवसणीत ठेवावीत, म्हणजे पुढच्या वेळी तारा बदलणाऱ्याला अंदाजानं काम करावं लागत नाही.