वस्त्रनिगेच्या घरगुती साधनांची रचना

कपडे धुणे, वाळवणे, ठेवणे आणि दुरुस्त करणे यांसाठीची घरगुती साधने अशा रीतीने घडवणे, की ती वापरताना कपड्याचे आयुष्य आपोआप वाढावे व पाणी-विजेची नासाडी टळावी, हा उत्पादन-रचनेचा एक विषय आहे. उपदेशापेक्षा साधनाची घडण सवयीवर अधिक परिणाम करते, हे या विचाराचे मूळ होय.

वॉशिंग मशीन

याचे ठळक उदाहरण युरोपीय संघातील आहे. तेथे १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार घरगुती वॉशिंग मशीनमध्ये 'इको ४०-६०' हा धुलाईक्रम असणे बंधनकारक आहे. यंत्र स्वतःच क्रम निवडत असेल, तर त्यात हाच क्रम आधीपासून निवडलेला असावा लागतो. गरम पाण्याच्या धुलाईत बहुतांश वीज पाणी तापवण्यातच जाते. त्यामुळे हा क्रम पाणी कमी तापवतो आणि ती उणीव वेळ वाढवून भरून काढतो. यंत्र पूर्ण भरलेले असल्यास तीन तासांहून अधिक वेळ लागू शकतो. रचना अडखळते ती येथेच. जास्त वेळ म्हणजे जास्त वीज, असा समज सहज होतो व लहान क्रमाचे बटण दाबले जाते. कपड्यावरील चिठ्ठीचेही तसेच आहे. टबाच्या चिन्हातील आकडा कमाल तापमान सांगतो. पाणी तेवढे तापवलेच पाहिजे, असा त्याचा अर्थ नव्हे.

पॉलिएस्टरसारख्या कृत्रिम कपड्यांतून धुताना सूक्ष्म तंतू सुटतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कपड्यातून एका धुण्यात १,९०० हून अधिक तंतू निघू शकतात, असे आढळले. फ्रान्सच्या २०२० च्या कायद्यात नव्या यंत्रांना अशा तंतूंसाठी गाळणी बसवण्याची तरतूद आहे. मात्र गाळणी नळाखाली धुतली, तर तंतू पुन्हा गटारातच जातात. म्हणून ती कोरडीच झटकून गाळ केरात टाकता येईल, अशी घडवणे महत्त्वाचे ठरते.

खुंटी आणि वलणी

भारतात पुष्कळ घरांत कपडे थंड पाण्यानेच धुतले जातात; त्यामुळे तापमानाविषयीचे युरोपीय उपाय येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. घामाच्या हवेत कपडे कमी वेळा धुण्याचा सल्लाही सरसकट देता येत नाही. येथे कपडा झिजतो तो मुख्यतः घासण्याने, पिळण्याने आणि कडक उन्हाने. सावलीत, वारा लागेल अशी वलणी असली, तर रंग टिकतो. तासाभरापुरता घातलेला सदरा मळलेला नसतो, पण कपाटात ठेवण्याजोगाही नसतो. जुन्या घरांत त्याची जागा खुंटीवर असे. बंद कपाट आणि धुण्याची टोपली एवढ्या दोनच सोयी असल्या, की तो टोपलीत जातो. या दृष्टीने खुंटी हे साधे पण उत्तम साधन आहे.

दुरुस्ती

सुईदोरा, बटणे आणि रफू करताना मोज्याच्या आत धरायचा भूछत्राच्या आकाराचा लाकडी ठोकळा ही दुरुस्तीची जुनी साधने होत. ती हाताशी असली, तर उसवलेली शिवण त्याच दिवशी घातली जाते. माळ्यावरच्या डब्यात असली, तर कपडा तसाच पडून राहतो. रफूपलीकडे गेलेल्या जुन्या लुगड्या-धोतरांच्या महाराष्ट्रात गोधड्या शिवल्या जात, किंवा ती बोहारणीला देऊन भांडी घेतली जात.