एक मिडी कंट्रोलर, दोन सॉफ्टवेअर
मिडी कंट्रोलरमधून आवाज जात नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोराने, एवढाच निरोप जातो. १९८३ साली आलेल्या या मिडी पद्धतीत एका केबलवर १६ चॅनेल मावतात. केंदूरसारख्या गावच्या यात्रेत ऑर्केस्ट्रावाल्याला एका सॉफ्टवेअरमधून हार्मोनियम, दुसऱ्यातून ढोलकी हवी असेल, तर घोडे अडते ते बहुधा विंडोजवर. जुन्या धाटणीच्या ड्रायव्हरचे पोर्ट पहिल्या प्रोग्रामने धरले, की दुसऱ्याला ते मिळत नाही. उपाय जुनाच, पण खात्रीचा: कंट्रोलर फक्त मिडी-ऑक्स या प्रोग्रामने उघडायचा आणि निरोप लूपमिडीच्या दोन आभासी पोर्टांवर पाठवायचे. मॅकवर ही कटकट नाही. तिथे उलट दोन्ही सॉफ्टवेअर एकदम वाजू लागतात. मग हार्मोनियमच्या पट्ट्या चॅनेल १ वर, ढोलकीचे पॅड १० वर लावून प्रत्येक सॉफ्टवेअरला आपलाच चॅनेल ऐकायला लावावे लागते.