तिसऱ्या घंटेच्या आधी

नाट्यगृहात तिसरी घंटा झाली की सभागृहातले दिवे जातात, पडदा सरकतो आणि पुढचे दोन-अडीच तास फोटो काढणाऱ्याच्या हातात फार थोडं उरतं. उजेड प्रकाशयोजनाकाराचा, हालचाल नटाची, जागा मिळेल ती. फ्लॅश नाही, उठून फिरणं नाही, आवाज नाही. मी पुण्यात नाटकांचे फोटो काढते, एकांकिका स्पर्धांचेही आणि व्यावसायिक नाटकांचेही. ओळखीतलं कुणी नवा मिररलेस कॅमेरा घेतं आणि सेटिंग विचारायला येतं, तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक वेळा मुलीचं अरंगेत्रम असतं किंवा नातवाच्या शाळेचं गॅदरिंग. म्हणजे माझंच काम: काळोखं सभागृह, उजळ रंगमंच आणि एका जागी न थांबणारं माणूस. इथे कॅमेरा नीट हाताळता आला तर बाहेर उन्हात तो अवघड जात नाही. मात्र इथले बहुतेक निर्णय तिसऱ्या घंटेच्या आधी झालेले असावे लागतात.

आधी हे यंत्र काय आहे ते बघू. जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आरशावरून आपल्या डोळ्यापर्यंत जायचा. बटण दाबलं की आरसा उचलला जायचा आणि मग सेन्सरवर चित्र उमटायचं. तो आरसा उचलल्याचा आवाज नाट्यगृहात चौथ्या रांगेपर्यंत ऐकू जातो. नटाने घेतलेल्या शांततेत तो आवाज झाला की शेजारचे प्रेक्षक वळून बघतात, आणि त्यांचं बरोबर असतं. मिररलेसमध्ये आरसाच नाही. उजेड थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला जे दिसतं तेच छोट्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये आपल्याला दिसतं. पॅनासॉनिकचा जी१ हा या जातीचा पहिला कॅमेरा २००८ मध्ये आला, सोनीचा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) ए७ २०१३ मध्ये, आणि २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन दोघेही फुल फ्रेम मिररलेसमध्ये उतरले. माझ्या कामासाठी यातल्या दोन गोष्टी मोलाच्या आहेत: पूर्ण शांत शटर, आणि फोटो काढायच्या आधीच तो कसा येणार हे दिसणं.

या दुसऱ्या गोष्टीचा उपयोग फार कमी लोक करून घेतात. कॅमेरा ऑटोवर ठेवला की तो सगळ्या चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढतो. रंगमंचावर काळ्या विंगा, मागे काळा पडदा आणि मध्ये एका स्पॉटमध्ये नट. कॅमेऱ्याला वाटतं सगळं फार अंधारं आहे, म्हणून तो चित्र उजळवतो. पडद्याच्या सुरकुत्या दिसायला लागतात आणि नटाचा चेहरा पांढराफटक होतो. हाच प्रकार शाळेच्या गॅदरिंगच्या निम्म्या फोटोंत असतो. उपाय म्हणजे मॅन्युअल मोड. ॲपर्चर (लेन्स किती उघडते ते) आणि शटर स्पीड ठरवून टाकायचे आणि फक्त आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) एका चाकावर घेऊन अंगठ्याने कमी-जास्त करायचा. चेहरा व्ह्यूफाइंडरमध्ये जसा दिसतो तसाच फोटोत येतो. मात्र अंधारात बसलेल्या डोळ्याला व्ह्यूफाइंडर आहे त्याहून उजळ वाटतो, म्हणून नुसत्या डोळ्यावर विसंबू नये. ज्या कॅमेऱ्यात फोटोसाठी झेब्रा आहे त्यांनी तो लावावा. उजेड जास्त झाला की कपाळावर, गालावर तिरक्या रेघा दिसतात. झेब्रा नसेल तर हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उघडा ठेवावा. पडदा काळाच राहू द्यावा. तो काळा दिसावा म्हणूनच लावलेला असतो.

शटर स्पीड ठरवताना समोरचं माणूस काय करणार आहे एवढंच बघायचं. बसून बोलणाऱ्या नटासाठी मी १/१६० ठेवते. हातवारे, उठणं-बसणं असेल तर १/२५०. लावणी, मारामारी, गॅदरिंगमधला धांगडधिंगा असेल तर १/५०० किंवा त्याहून वेगवान. पण नाचासाठी नेहमीच वेगवान शटर लागतो असंही नाही, कारण नाचात थांबे असतात. कथकमध्ये तिहाई सुरू झाली की तोच बोल तीनदा येणार आणि शेवटच्या ‘धा’वर नर्तकी समेवर येणार, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. समेवर ती क्षणभर पूर्ण स्थिर असते. कानाने ताल धरून त्या क्षणी बटण दाबलं तर १/१२५लाही घुंगरांच्या दोऱ्या मोजता येतील इतका स्वच्छ फोटो मिळतो. विनोदी नाटकातही असा थांबा मिळतो. चांगला नट हशा आला की पुढचं वाक्य धरून ठेवतो आणि त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर त्या वाक्याचं सगळं शिल्लक असतं. ज्यांना नाटक पाठ आहे त्यांचे फोटो चांगले येतात ते याचमुळे.

आता आयएसओ. लोक याला फार घाबरतात. १६००च्या वर गेलो की फोटोत दाणे येतील म्हणून शटर मंद ठेवतात आणि मग चेहरा हललेला येतो. दाणे नंतर कमी करता येतात. त्यासाठीची आजची सॉफ्टवेअर खूपच चांगली आहेत. हललेला चेहरा मात्र कशानेच परत आणता येत नाही. रंगमंचासाठी ३२०० हा माझा नेहमीचा आकडा आहे आणि ६४०० ला मी बिचकत नाही. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशनही इथे नीट समजून घ्यायला हवं. ते आपल्या हाताचा कंप सावरतं, नटाची हालचाल थांबवत नाही. वेरूळच्या कैलास लेण्यातल्या मूर्तीचा फोटो त्याच्या जोरावर १/८ ला हातात धरून काढता येईल. मूर्ती हलत नाही.

आणि लेन्स. माझं मत ठाम आहे: ऐंशी हजारांच्या बॉडीवर कॅमेऱ्यासोबत येणारी साधी झूम लेन्स लावण्यापेक्षा चाळीस हजारांच्या बॉडीवर चांगली लेन्स लावा. सोबत येणारी १६-५० लेन्स ५० मिलिमीटरवर जास्तीत जास्त एफ/५.६ एवढीच उघडते. एफ/१.८ ची ५० मिलिमीटर लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. साध्या लेन्सला जिथे आयएसओ ३२,००० च्या आसपास न्यावा लागेल तिथे हिचं ३२०० वर काम होतं. बॉडी कितीही महाग घेतली तरी एवढा फरक पडत नाही. काही कंपन्यांच्या यादीत ५० एफ/१.८ ही सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक असते.

कोणत्या रांगेत बसणार त्यावर किती मिलिमीटरची लेन्स हवी ते ठरतं. एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स लावून रंगमंचापासून आठ मीटरवर बसलात, तर आडव्या चौकटीत साधारण अडीच मीटर उंची आणि पावणेचार मीटर रुंदी मावते. म्हणजे उभा माणूस पायापासून डोक्यापर्यंत, वर थोडी मोकळी जागा आणि शेजारी दुसऱ्या पात्राला पुरेशी जागा. संवादाच्या प्रवेशाला याहून बरी चौकट मिळणार नाही. चेहरे हवे असतील तर ८५ घ्यावी. मात्र ८५ लेन्स फुल फ्रेमवर एफ/१.८ ला उघडून आठ मीटरवर रोखली तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम एक मीटर खोल असतो. नवरा पुढे खुर्चीत आणि बायको मागे खिडकीशी, असा प्रवेश असेल तर दोघांपैकी एकच स्पष्ट येईल. नाट्य त्या दोघांमध्ये असेल तर एफ/४ वर जावं आणि आयएसओ वाढवावा. पाठीमागचं धूसर करण्याचा मोह नाटकात आवरावा लागतो, कारण मागे उभा असलेला माणूसही काहीतरी करत असतो.

समूहाच्या नाटकाला रुंद लेन्सच हवी. १९७२ साली रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये ब्राह्मणांची रांग हीच भिंत होती आणि तोच पडदा. अशा दिग्दर्शनाचे फोटो एकेका चेहऱ्यावर लेन्स रोखून काढले तर दिग्दर्शकाने जे रचलं तेच हरवतं. मधल्या रांगेत बसावं, फुल फ्रेमवर ३५ किंवा एपीएस-सीवर २३-२४ मिलिमीटर लावावी, चौकटीच्या खालच्या कडेला रंगमंचाची फळी सरळ धरावी आणि रांग वळण्याची वाट पाहावी.

घरात जुन्या डीएसएलआरच्या लेन्सा असतील तर त्या मोडीत काढू नका. कॅननच्या जुन्या लेन्सा सेन्सरपासून ४४ मिलिमीटर अंतरासाठी बनल्या होत्या, नव्या आरएफ बॉडीत ते अंतर २० आहे. मधले २४ मिलिमीटर भरून काढणारा अडॅप्टर लावला की जुनी लेन्स नव्यावर चालते, ऑटोफोकससह. निकॉनकडे ४६.५ चे १६ झाले. तिथे एक अडचण आहे: ज्या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही त्यांना निकॉनच्या अडॅप्टरवर ऑटोफोकस मिळत नाही, हाताने फिरवावं लागतं. जुनी ८५ विकत घेण्याआधी दुकानात हे विचारून घ्या.

शांत शटरची किंमत एलईडीच्या उजेडात चुकवावी लागते. बहुतेक कॅमेरे इलेक्ट्रॉनिक शटरने चित्र एकदम घेत नाहीत, वरून खाली ओळीओळीने वाचतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून साध्या दिव्यांचा उजेड सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो. मंद केलेले एलईडी तर त्याहून कितीतरी वेगाने लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही. कॅमेरा काही ओळी उजेडात वाचतो, काही अंधारात, आणि फोटोवर आडवे पट्टे येतात. जुन्या हॅलोजन दिव्यांत ही तक्रार जाणवत नाही, कारण तापलेली तार इतक्या पटकन विझत नाही. हॉलमधल्या साध्या ट्यूबलाइटखाली १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे बहुधा जातात. रंगमंचावरच्या एलईडीसाठी शटर थोडं थोडं बदलत पट्टे कुठे विरतात ते पाहावं. नव्या कॅमेऱ्यांत त्यासाठी शटर अगदी बारीक फरकाने बदलण्याची सोय असते. तरीही नाही गेले तर मेकॅनिकल शटर लावावा आणि तो टाळ्यांत, गाण्यात, ढोलकी चालू असतानाच वाजवावा. सोनीने २०२३ मध्ये जाहीर केलेला ए९ थ्री सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचतो, पण त्याची किंमत बहुतेकांच्या आवाक्यातली नाही.

एलईडीचा दुसरा त्रास म्हणजे निळा आणि जांभळा उजेड. सेन्सरवर दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा असतो. नुसत्या निळ्या उजेडात खरं काम त्या एका ठिपक्यावर येतं. तो भरून वाहतो आणि चेहरा सपाट निळ्या डागासारखा होतो, तरी एकत्र हिस्टोग्राम ठीकच दाखवतो. म्हणून लाल-हिरवा-निळा असा वेगवेगळा हिस्टोग्राम लावून बघावा आणि एक स्टॉप खाली, म्हणजे निम्म्या उजेडावर, यावं. चेहरा अगदीच हाती लागत नसेल तर तो फोटो कृष्णधवल करावा, पुष्कळदा छान दिसतो.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नये. प्रकाशयोजनाकाराने संध्याकाळ दाखवायला पिवळसर उजेड दिलेला असतो आणि ऑटो तो पुसून दुपार करतो. हॅलोजन असेल तर ३२०० केल्विनवर ठेवावं, रॉमध्ये (कच्च्या फाइलमध्ये) काढावं, बाकीचं घरी.

फोकससाठी डोळा ओळखण्याची सोय जरूर वापरा, पण तिला मोकळं सोडू नका. एका वेळी सात पात्रं असली की कॅमेरा स्वतःच्या मनाने कुणालाही निवडतो. फोकसची चौकट लहान करून ज्याचा प्रवेश आहे त्याच्यावर ठेवा.

या सगळ्याहून जास्त उपयोगाची गोष्ट म्हणजे रंगीत तालीम. मंडळींची परवानगी असेल तर तिथे जावं, कुठेही उभं राहता येतं. मी आधी लाइट बोर्डाजवळ जाते. “दादा, दुसऱ्या अंकाच्या शेवटी काय आहे?” “निळं आहे ताई. ती चिठ्ठी वाचते तेव्हा फक्त एक स्पॉट, मग हळूहळू सगळं जातं.” एवढं कळलं की त्या चिठ्ठीसाठी मी आधीच तयार असते. शाळेच्या गॅदरिंगलाही आदल्या दिवशी सराव असतोच. बाईंना विचारून दहा मिनिटं बघून यावं, आपलं मूल कोणत्या बाजूला उभं राहणार आहे तेवढं तरी कळतं.

प्रयोगाला बसण्याआधी मागचा स्क्रीन बंद करून नुसता व्ह्यूफाइंडर चालू ठेवा. फोकससाठी लागणारा नारिंगी दिवा बंद, बीप बंद, काढलेला फोटो आपोआप दिसणं बंद. अंधारात उजळलेला स्क्रीन मागच्या तीन रांगांना टोचतो. मिररलेसची बॅटरी डीएसएलआरपेक्षा लवकर संपते, तेव्हा मध्यंतरात दुसरी घाला, पहिली पूर्ण संपायची वाट बघू नका.

हे सगळं घरी शिकता येतं. रात्री खोलीतले दिवे बंद करून एकच टेबललॅम्प लावा, घरातल्या कुणाला तरी त्यापाशी बसून मोठ्याने पेपर वाचायला सांगा, आणि आपण खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसा. मॅन्युअलवर १/६०, १/१२५, १/२५० असे फोटो घ्या, दर वेळी आयएसओ चेहऱ्यापुरता वाढवत जा. मग वाचणाऱ्याला उठून येरझाऱ्या घालायला सांगा आणि पुन्हा घ्या. फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून डोळ्यांपाशी बघा. आपला हात, आपली लेन्स आणि आपल्या घरातलं माणूस यांना कोणता आकडा पुरतो ते तिथेच कळेल. तो लिहून ठेवा आणि गॅदरिंगच्या दिवशी तिथूनच सुरुवात करा.