पोर ढ नाही, वस्ती आड येते

"ह्याच्या डोक्यात काही शिरतच नाही." शाळेतून पोराची तक्रार आली की घरोघर हेच वाक्य निघते. एरंडोल काय आणि धरणगाव काय, बाप बोलतो, शेजारीण बोलते, कधी गुरुजीही बोलतात. वाचक बंधु-भगिनींनो, आज या वाक्याचीच थोडी तपासणी करू.

मूल जन्मते तेव्हा मेंदू पुरता घडलेला नसतो. पहिल्या पाच-सहा वर्षांत तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे नव्वद टक्के आकाराचा होतो. लक्ष टिकवणारा, मनाला आवर घालणारा कपाळामागचा भाग तर विशीनंतरही पक्का होत राहतो. या काळात पोटात काय गेले, झोप किती मिळाली, कोण किती बोलले, यावर पुष्कळसे ठरते. खानदेशातला उन्हाळा ४४-४५ अंशांचा. पत्र्याखाली रात्रभर तळमळलेले पोर सकाळी वर्गात पेंगते, त्याला आपण आळशी म्हणतो!

अमेरिकेत २०१६ ते २०१८ या काळात नऊ-दहा वर्षांच्या जवळपास १२,००० मुलांची मोठी पाहणी सुरू झाली. घरचे उत्पन्न हिशेबात धरूनही गरीब वस्तीतल्या मुलांचे बुद्धिचाचणीतले गुण सरासरीने कमी आढळले आणि मेंदूच्या काही भागांच्या आकारातही थोडा फरक दिसला. यावरून 'यांचे मेंदूच कमी' असे म्हणणारे निघतील. त्यांना आम्ही एवढेच सांगू की हा हिशेब वस्तीचा आहे, जातीचा किंवा रक्ताचा नाही. शिवाय सरासरीवरून एकेका पोराचे भविष्य सांगता येत नाही. गावकुसाबाहेर, सांडपाण्याच्या उतारावर आपली घरे आपण हौसेने बांधली नव्हती. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांच्या उपस्थितीत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावांची मागणी झाली, ती उगाच नव्हे.

आता घरातले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा व पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. ज्या आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष टिकवण्यात आणि आकडे ध्यानात ठेवण्यात मागे दिसली. हे जीवनसत्त्व कळण्याच्या भाकरीत नाही, ठेच्यात नाही. दूध, दही, अंडी, मासळी, मटण यांत आहे. आणि आपल्याकडे अंडे कमावत्या माणसाच्या ताटात, गरोदर सुनेच्या वाट्याला नुसता रस्सा. ही रीत मोडायला शासनाची परवानगी लागत नाही.

जमैका देशात किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८०च्या दशकात वाढ खुंटलेली १२९ बाळे निवडली होती. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्य सेविका आठवड्याला तासभर, अशी दोन वर्षे येत. घरच्याच वस्तूंची खेळणी करीत, बाळाशी कसे बोलावे-खेळावे हे आईला दाखवीत. वीस वर्षांनी पाहिले तर ही मुले भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. वस्ती तीच, गरिबी तीच. आपल्याकडे १९७५ पासून अंगणवाडी आहे, पण पुष्कळांच्या लेखी ती खिचडीची जागा. तीन वर्षांखालच्या बाळाचे घरी न्यायचे पाकीट आणले की काम संपले असे नाही. बाळाचे वजन दरमहा होते का, ताईंना विचारा.

"बाबासाहेब नाही का एका खोलीत शिकले?" असे कोणी म्हणेल. शिकले. परळच्या डबक चाळीतली ती खोली माणसांनी व सामानाने भरलेली असे. म्हणून रामजीबाबा भीमाला लवकर झोपवीत आणि पहाटे दोनला, घर निजलेले असताना, अभ्यासाला उठवीत. खोली बदलता आली नाही, तर बापाने निदान शांत वेळ काढून दिली.

तशी वेळ आपल्या विहारातही काढता येते. संध्याकाळी सात ते नऊ मुलांसाठी दार उघडे, पंखा चालू, लाउडस्पीकर बंद. वस्ती सुधारणेच्या निधीसाठी नगरपालिकेत जाल तेव्हा कमानीआधी गटार आणि नळ मागा. विहाराच्या विजेच्या बिलाचे पान वर्गणीच्या वहीत वेगळे ठेवावे, म्हणजे मागून कुरकुर होत नाही.