सापडलं की उचललं?

अकरावीत असताना व्याकरणाच्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं होतं : ‘मला पाकीट सापडलं.’ कर्ता ओळखा. अर्ध्या वर्गाने ‘मी’ असं उत्तर दिलं आणि ते चुकलं. या वाक्याचा कर्ता पाकीट आहे. म्हणजे मी काहीच केलं नाही, जे काही केलं ते पाकिटाने. तेच येऊन मला सापडलं! ‘मी पाकीट उचललं’ असं म्हटलं की मात्र मी कर्ता होतो. (क्रियापद तिथेही पाकिटाच्याच लिंगाने चालतं, पण ती गोष्ट वेगळी.)

गेल्या पावसाळ्यात मला हे वाक्य चांगलंच आठवलं. खडेबाजारात एका टपरीवर चहा पीत होतो. बाकाखाली एक जुनं, भिजलेलं पाकीट पडलेलं. आत सतराशे रुपये, आधार कार्ड, कसलीशी औषधाची चिठ्ठी आणि देवाचा एक फोटो. कार्डावर उचगावचा पत्ता. फोन नंबर नव्हता. टपरीवाल्या मामांना विचारलं, त्यांनी फोटो बघून मान हलवली. मी पाकीट बॅगेत टाकलं आणि उद्या नेऊन देऊ म्हणून घरी आलो.

ते पाकीट चार दिवस माझ्या बॅगेत होतं.

पहिल्या दिवशी पाऊस होता, दुसऱ्या दिवशी सबमिशन. तिसऱ्या दिवशी कोणतंच कारण नव्हतं. त्या रात्री मनात आलं की माणूस काही शोधत आलेला दिसत नाही, म्हणजे त्याने पैशांचा नाद सोडला असेल. शोधत तो आला असता तर टपरीवर आला असता, माझ्या घरी नव्हे. पण रात्री अकरा वाजता हा मुद्दा सुचत नाही. मोह म्हटलं की आपल्याला वाटतं एकदम झडप घालणारं काहीतरी असेल. माझा तरी अनुभव असा की तो कारकुनासारखा येतो आणि रोज एक तारीख पुढची देतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण याबाबतीत आपल्यात बरेच गैरसमज आहेत. ‘कुणाच्या खिशातून थोडंच काढलं? रस्त्यावर होतं,’ असं आपण सहज म्हणतो. खरं आहे, ती चोरी नव्हे. पण त्याला वेगळं नाव आहे : मालमत्तेचा अप्रामाणिकपणे अपहार. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ते कलम ४०३ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते ३१४ झालं. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं, वर दंड.

हे कलम साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही वाचावं असं आहे, कारण त्याखाली उदाहरणादाखल लहान लहान गोष्टी दिल्या आहेत. एकाला हमरस्त्यावर रुपया सापडतो, तो कुणाचा हे त्याला माहीत नाही. तो उचलतो. गुन्हा नाही. दुसऱ्याला एक पत्र सापडतं, आत नोट आहे, आणि पत्रावरच्या मजकुरावरून ती कुणाची हे कळतं. तो नोट ठेवून घेतो. गुन्हा. तिसऱ्याला मौल्यवान अंगठी सापडते आणि मालक शोधायचा काहीही प्रयत्न न करता तो ती लगेच विकतो. गुन्हा. मला सगळ्यात लागलेली गोष्ट अशी : एकाच्या देखत दुसऱ्याचं पाकीट पडतं. हा परत द्यायच्या इराद्यानेच उचलतो, आणि नंतर त्याचं मन बदलतं. हाही गुन्हाच. उचलताना तो प्रामाणिक होता, यावर कायद्याला काही म्हणायचं नाही. त्याचा प्रश्न पुढच्या दिवसांबद्दल आहे. मालकाला शोधायचे योग्य ते उपाय केलेस का, आणि वाजवी काळ थांबलास का? ‘वाजवी’ म्हणजे किती, हे प्रत्येक प्रकरणात परिस्थिती बघून ठरतं. हातात आधार कार्ड असलेल्या माणसाला मालक सापडला नाही असं म्हणायची सोय उरत नाही, एवढं मला कळलं.

सापडणाऱ्याला काही हक्कही आहेत. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे (कलम ७१) वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती ठेव म्हणून सोपवलेल्या वस्तूसारखीच सांभाळायची असते. कलम १६८ सांगतं की त्यासाठी झालेला खर्च आणि त्रास यांच्यासाठी दावा लावता येत नाही, पण मालक भरपाई देईपर्यंत वस्तू अडवून धरता येते. मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल तर त्यासाठी दावाही करता येतो. थोडक्यात मागता येतं. परस्पर काढून घेता येत नाही. हे कलम मी उशिरा वाचलं. का, ते पुढे येईल.

लोक प्रत्यक्षात कसे वागतात? यावर एक मोठा प्रयोग झाला आणि २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. संशोधकांनी ४० देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांहून अधिक पाकिटं ‘सापडली’ म्हणून बँका, हॉटेलं, टपाल कचेऱ्या, पोलीस ठाणी अशा ठिकाणी नेऊन दिली. पारदर्शक पाकीट, आत नाव आणि ईमेल असलेली कार्डं, वाणसामानाची यादी, एक किल्ली. काहींत पैसे, काहींत नाही. आपला अंदाज काय असेल? पैसे असलेली गायब होतील. अर्थशास्त्रज्ञांनाही विचारलं होतं, तेही चुकले. बिनपैशांच्या पाकिटांपैकी ४० टक्क्यांबाबत मालकाला कळवलं गेलं, पैसे असलेल्यांपैकी ५१ टक्क्यांबाबत. भारतातही पैसेवाल्या पाकिटांचीच बाजू वरचढ होती. तीन देशांत रक्कम सातपट वाढवून पाहिली, तर आकडा ७२ टक्क्यांवर गेला.

संशोधकांनी दोन कारणं दिली. एक, ओळख नसली तरी त्या माणसाची काळजी वाटते. किल्ली फक्त मालकाच्या कामाची. ती असली की जास्त लोक कळवत. दोन, रक्कम मोठी असली की ती ठेवून घेताना स्वतःला चोर म्हणावं लागतं, आणि ते जड जातं. मला हे दुसरं कारण पटतं, पण त्याची उलटी बाजूही दिसते. मोठी रक्कम आपल्याला सावध करते. लहान रकमेला तेवढी ताकद नसते.

पुढे चीनमधल्या संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला. त्यांचं म्हणणं, फक्त ईमेल मोजून प्रामाणिकपणा कळत नाही. तिथे बरेच जण ईमेल न करता पाकीट जपून ठेवतात. वाचून मला आधी बरं वाटलं. मीही जपूनच ठेवलं होतं ना! मग लक्षात आलं की ते लोक पाकीट आलेल्या जागीच मालकाची वाट बघत होते. माझ्या बॅगेत डोकवायला तो माणूस कुठून येणार होता?

कुणाला पाकीट सापडलंच तर दोन कामाच्या गोष्टी सांगतो. आधार कार्डाचा फोटो ग्रुपवर टाकू नका. नंबर सगळीकडे जातो आणि भलताच कुणीतरी ‘माझंच’ म्हणून येतो. बँकेचं कार्ड असेल तर त्याच्या मागे बँकेचा नंबर असतो, त्यावर कळवा. बसमध्ये सापडलं तर कंडक्टरकडे, नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्यात द्या आणि नोंद झाली का ते विचारा. आणि जिथे सापडलं तिथे आपला नंबर ठेवून या. मला हे सुचलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मी उचगावला गेलो. गाडीत पेट्रोल नव्हतं. पंपावर त्याच पाकिटातून शंभर रुपये काढले. त्यांच्याच कामाला तर चाललोय, असं मनाशी म्हटलं. घर लगेच मिळालं. मामा बाहेर कट्ट्यावर बसले होते. पाकीट हातात घेऊन त्यांनी आधी औषधाची चिठ्ठी बघितली, मग फोटो कपाळाला लावला. पैसे मोजले नाहीत. ‘बस की पोरा, च्या पिऊन जा,’ म्हणाले. मी चहा प्यायलो. पेट्रोलचं मागितलं असतं तर त्यांनी दोनशे दिले असते. मी ते बोललो नाही, आणि काढले हेही बोललो नाही. सोळाशेला हात न लावणारा मुलगा शंभराला लावून बसला होता आणि वर चहाही पीत होता.

महिन्याभराने पुन्हा गेलो. मामा शेताकडे गेलेले. सून दारात आली. तिच्या हातात शंभराची नोट दिली, म्हटलं, ‘मामांच्या पाकिटातले हायत.’

‘परत सापडले काय?’

‘नाही वहिनी. मी काढले होते.’